तिसऱ्या कॉर्डला खालचा सूर गायब: लेयर केलेल्या पॅचमध्ये सूर तुटत असतील तर

लक्षण असं. संथ गाणं आहे, हाताखाली सिंथेसायझर कीबोर्ड. पियानोच्या मागे स्ट्रिंग्ज आणि त्याच्याही मागे एक पॅड (पसरून राहणारा मऊ आवाज), असा तीन थरांचा पॅच, म्हणजे वाद्यात साठवलेला तयार आवाज, लावलाय. सस्टेन पेडल (दाबलेलं असेपर्यंत सूर धरून ठेवणारं) न सोडता एकावर एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, रचत जायच्या आहेत. पहिली कॉर्ड भरदार येते, दुसरीही येते. तिसरी वाजवताच पहिल्या कॉर्डचा सगळ्यात खालचा सूर नाहीसा होतो. तो हळूहळू विरत नाही, एकदम तुटतो. पेडल खालीच असतं, तरी गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. गायकालाही ते जाणवतं, कारण तो त्याच सुराला धरून उभा असतो.

माझ्या बाबतीत हे कार्यक्रमात चार वेळा झालं. वाद्य साधंसुधं नव्हे, कंपनीच्या यादीतलं सगळ्यात वरचं मॉडेल. त्यामुळे पहिला संशय वाद्यावर गेलाच नाही. आधी केबल बदलली, मग पेडल बदललं. दुरुस्तीला दिलं तेव्हा पट्ट्यांखालचे रबर कॉन्टॅक्ट साफ करून परत आलं आणि पुढच्याच कार्यक्रमात तिसऱ्या कॉर्डला सूर पुन्हा तुटला. खरं कारण सापडायला फार वेळ गेला. तो तुमचा जाऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी कॉन्टॅक्टचा दोष वेगळा काढा

सूर न येण्याची किंवा तुटण्याची दोन कारणं एकमेकांत फार मिसळली जातात. प्रत्येक पट्टीखाली सहसा दोन कॉन्टॅक्ट असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून वाद्य वेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली ते, ठरवतं. तिथे धूळ बसली की एखादी पट्टी मुकी होते किंवा हळू दाबली तरी पूर्ण जोरात वाजते. पण तो दोष एका ठराविक पट्टीचा असतो. साधा एकेरी पियानो लावून तीच पट्टी दहा वेळा दाबली तर तो पुन्हा पुन्हा दिसतो.

आपली समस्या तशी नाही. इथे प्रत्येक पट्टी एकेकटी अगदी नीट वाजते. एकूण किती सूर जिवंत आहेत, त्यावर तुटणं अवलंबून असतं. साधा पियानो लावला की दोष नाहीसा होतो आणि जड पॅच लावला की परत येतो. असं असेल तर वाद्य उघडू नका, काहीही साफ करू नका. तुमच्या वाद्याचे व्हॉइस, म्हणजे एका वेळी आवाज वाजवण्याच्या जागा, संपताहेत.

व्हॉइस म्हणजे पट्टी नव्हे

1978 च्या प्रॉफेट-5 या सिंथेसायझरमध्ये पाच व्हॉइस होते. पाच सूर धरून सहावी पट्टी दाबली की आधीच्या पाचांतला एक जाणार, हे वाजवणाऱ्याला पाठ होतं. 1983 च्या डीएक्स7 मध्ये सोळा व्हॉइस होते. 1988 च्या कोर्ग एम1 मध्येही सोळाच होते, पण दोन ऑसिलेटरचा (मूळ आवाज तयार करणारे भाग) प्रोग्रॅम घेतला की हातात आठ सूर उरायचे. आकडे लहान होते, म्हणून सगळे हिशोबाने वाजवत. आता माहितीपत्रकात 128 किंवा त्याहून मोठा आकडा दिसतो आणि दहा बोटांना एवढे कशाला लागतील असं वाटून आपण हिशोबच सोडून देतो. मीही सोडला होता.

माझ्या पॅचचा हिशोब मांडतो. पियानोचे नमुने (खऱ्या वाद्याची ध्वनिमुद्रणं) स्टिरिओ आहेत, म्हणजे डावा आणि उजवा मिळून दोन व्हॉइस. शिवाय मृदू आणि जोरकस अशा दोन नमुन्यांमध्ये क्रॉसफेड आहे, म्हणजे जोर वाढेल तसा एक विरत दुसरा येतो. मध्यम जोराने वाजवलं की दोन्ही नमुने एकाच वेळी चालू असतात, म्हणजे चार व्हॉइस. स्ट्रिंग्ज स्टिरिओ असल्यामुळे दोन. पॅडमध्ये किंचित बेसूर लावलेले दोन ऑसिलेटर, म्हणजे आणखी दोन. एका पट्टीला एकूण आठ.

डाव्या हाताचे तीन आणि उजव्याचे चार, असे सात सूर. सात गुणिले आठ म्हणजे 56. पेडल दाबून ठेवून दुसरी कॉर्ड वाजवली की 112 होतात. तिसऱ्या कॉर्डला 168 लागतात आणि वाद्याकडे आहेत 128. चाळीस व्हॉइस कुठून तरी काढून घ्यावेच लागतात. बहुतेक वाद्यं सगळ्यात जुना सूर आधी काढतात, आणि सगळ्यात जुना असतो पहिल्या कॉर्डचा बेस, जो जायला नको असतो नेमका तोच.

(स्टिरिओ नमुना काही वाद्यं एकच व्हॉइस धरतात, काही दोन. म्हणून माझा आकडा जसाच्या तसा घेऊ नका, स्वतःच्या वाद्याचा काढा. त्याची पद्धत पुढे आहे.)

स्वतःच्या वाद्याचा खरा आकडा कसा काढायचा

ज्या पॅचमध्ये सूर तुटतात तोच लावा. पेडल दाबून ठेवा. सगळ्यात खालची पट्टी दाबा आणि मग एकेक करत वर चढत जा. प्रत्येक वेळी वेगळी पट्टी, सगळ्यांवर साधारण सारखाच मध्यम जोर. कान फक्त सगळ्यात खालच्या सुरावर ठेवा. तो ज्या पट्टीला तुटला, तिच्या आधीच्या पट्टीचा क्रमांक म्हणजे त्या पॅचची खरी क्षमता. माझा सतराव्या पट्टीला तुटला. क्षमता सोळा, आणि 128 भागिले 16 म्हणजे आठ. कागदावरचा हिशोब बरोबर निघाला.

पियानोसारखा विरणारा आवाज असेल तर वर पोचेपर्यंत खालचा सूर मंद होतो आणि तुटलेला कळत नाही. पॅचची एक प्रत करून त्यातल्या पियानोच्या आवाजाची पातळी एकसारखी राहील असं एन्व्हलप (सुराचा चढ-उतार ठरवणारी सेटिंग) लावा आणि मोजणी त्या प्रतीवर करा. मूळ पॅचला हात लावू नका. हेडफोनवर मोजलं तर चूक कमी होते.

ही मोजणी पाच मिनिटांत होते आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ती केल्याशिवाय पुढच्या दुरुस्त्यांना लागलात तर कशाने फरक पडला हे कळणार नाही.

चोरवाटा

हिशोब जुळला तर उत्तमच. पण कधी मोजणी हिशोबापेक्षा खूप कमी येते, म्हणजे सोळा अपेक्षित असताना नऊ-दहाच निघतात. तेव्हा व्हॉइस दुसरीकडे कुठे तरी खर्च होत असतात. मला सापडलेल्या जागा अशा.

पहिली आणि सगळ्यात जास्त आढळणारी: वाद्य यूएसबीने संगणकाला जोडलेलं आहे आणि लोकल कंट्रोल (पट्ट्यांचा वाद्याच्या स्वतःच्या आवाजाशी थेट जोड) चालू आहे. पट्टी दाबली की आवाज थेट वाजतो. तीच नोट संगणकात जाऊन ट्रॅकमधून परत येते आणि दुसऱ्यांदा वाजते. दोन्ही आवाज एकमेकांवर पडून पोकळ, फ्लँजर लावल्यासारखे येतात. एका पट्टीला आठऐवजी सोळा व्हॉइस जातात, 128 भागिले सोळा म्हणजे आठ पट्ट्या, आणि दुसऱ्याच कॉर्डला सूर तुटतो. संगणकासोबत वाजवताना लोकल बंद ठेवा, सुटं वाजवताना पुन्हा चालू करा. मिडीत (वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याची पद्धत) यासाठी कंट्रोलर क्रमांक 122 राखून ठेवलेला आहे, त्यामुळे संगणकातूनही ते बदलता येतं.

दुसरी जागा मला फार उशिरा कळली. एखादा थर नको असला की आपण त्याचा फेडर शून्यावर आणतो आणि तो बंद झाला असं समजतो. तो बंद झालेला नसतो, फक्त ऐकू येत नसतो. पट्टी दाबली की त्याचे व्हॉइस नेहमीसारखेच घेतले जातात. थर खरोखर बंद करायचा असेल तर म्यूट किंवा पार्ट (म्हणजे त्या थराचा) स्विच वापरा आणि वर सांगितलेली मोजणी परत करा. काही वाद्यांत म्यूटसुद्धा नुसता आवाजच दाबतो, ते मोजल्यावरच कळतं.

तिसरी जागा पेडल. सस्टेनचा मिडी कंट्रोलर 64 आहे. 0 ते 63 म्हणजे पेडल वर, 64 ते 127 म्हणजे खाली. हाफ-डॅम्पर (अर्धं दाबलेलंही ओळखणाऱ्या) पेडलमधला रोधक झिजला की पाय उचलल्यावरही मूल्य शून्यावर येत नाही, मध्येच कुठे तरी थांबतं. मग सूर अर्धवट धरले जातात आणि व्हॉइस मोकळे होत नाहीत. आणखी एक गोष्ट: वाद्य सुरू करताना पाय पेडलवर नको. बरीच वाद्यं सुरू होतानाच पेडलची दिशा ओळखतात. तेव्हा ते दाबलेलं असलं तर सगळं उलटं होतं, पाय उचलला की सूर धरले जातात. वाद्य बंद करून, पाय दूर ठेवून पुन्हा सुरू केलं की ठीक होतं.

चौथी जागा म्हणजे होल्डवर राहिलेला आर्पेजिएटर (कॉर्डचे सूर आपोआप एकेक वाजवत राहणारी सोय). ज्या थराचा आवाज खाली आणलाय, त्याच्यावर तो कोणाला न ऐकू येता फिरत राहतो.

एक गोष्ट मात्र या यादीत धरू नका. जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलने दुसरं मॉड्यूल (पट्ट्या नसलेलं ध्वनियंत्र) वाजवताना कॉर्ड विस्कटल्यासारखी ऐकू येते, तो व्हॉइसचा दोष नाही. त्या केबलचा वेग सेकंदाला 31,250 बिट. एका नोटला साधारण एक मिलिसेकंद लागतो. दहा सुरांची कॉर्ड चार चॅनेलवर पाठवली तर पहिल्या आणि शेवटच्या सुरात जवळपास चाळीस मिलिसेकंदांचं अंतर पडतं. तिथे यूएसबी वापरा किंवा मॉड्यूलमध्येच लेयर करून एका चॅनेलवर पाठवा.

माझ्या पॅचची दुरुस्ती

थर कमी केला की प्रश्न सुटतो, हे कोणीही सांगेल. पण थर गाण्यासाठी हवा असतो, म्हणून मी तो मार्ग शेवटी ठेवला. आवाज जवळजवळ तसाच ठेवून काय काय करता येतं ते बघा.

पियानोचा क्रॉसफेड काढून साधा वेलॉसिटी स्विच लावला. ठराविक जोराखाली मृदू नमुना, वर जोरकस, दोन्ही कधीच एकत्र नाहीत. पियानो चारावरून दोनवर आला. एकट्याने ऐकलं तर त्या सीमेवरचा बदल किंचित कळतो. स्ट्रिंग्ज आणि पॅडच्या सोबत मला तो एकदाही कळला नाही.

मग प्रत्येक थराला त्याची हद्द दिली. पॅड फक्त डाव्या हाताच्या पट्ट्यांवर, स्ट्रिंग्ज फक्त उजव्या. खालच्या सुरांमध्ये स्ट्रिंग्ज आणि पॅड मिळून नुसता गढूळपणा येत होता, तोही गेला. या बदलाने हिशोब सुधारला, आवाजही सुधारला. आता प्रत्येक पट्टीला चार व्हॉइस, सात पट्ट्यांना 28. कॉर्डचा खर्च निम्म्यावर आला.

सगळ्यात मोठा फायदा तिसऱ्या बदलाने झाला. प्रत्येक थराला सस्टेन पेडलचा संदेश घ्यायचा की नाही, हे बऱ्याच वाद्यांत वेगवेगळं ठरवता येतं. पॅड आणि स्ट्रिंग्ज यांना तो बंद केला. आता पेडल फक्त पियानोला धरतं, म्हणजे धरलेल्या प्रत्येक जुन्या कॉर्डचे 14 व्हॉइस. पॅड आणि स्ट्रिंग्ज हातासोबत बदलतात, आणि खरे वादकही तसेच वाजवतील.

उरला रिलीज, म्हणजे पट्टी सोडल्यावर सूर विरायला लागणारा वेळ. पॅडचा रिलीज आठ सेकंदांचा होता. दर दोन सेकंदांनी कॉर्ड बदलली तर मागच्या चार कॉर्डांच्या शेपट्या एकाच वेळी जिवंत राहतात. मूळ पॅचमध्ये सात पट्ट्यांवर पॅडचे 14 व्हॉइस होते, चार शेपट्यांचे 56 झाले. 128 पैकी 56 व्हॉइस अशा आवाजावर जात होते, जो पियानोखाली नीट ऐकूही येत नव्हता. पॅड आणि स्ट्रिंग्जचा रिलीज दीड सेकंदाच्या आसपास आणला आणि उरलेला पसारा रिव्हर्बवर (घुमण्याचा इफेक्ट) सोपवला. रिव्हर्बची शेपटी कितीही लांब असली तरी तिला व्हॉइस लागत नाहीत.

नवा हिशोब असा. पेडलखाली आधीच्या सहा कॉर्डांचा पियानो 84, चालू कॉर्ड 28, लगतच्या मागच्या कॉर्डच्या स्ट्रिंग्ज आणि पॅडची शेपटी 14. एकूण 126. सातव्या कॉर्डपर्यंत सूर तुटत नाही. त्या गाण्यात एका पेडलखाली चार कॉर्ड आहेत, त्यामुळे हे पुरून उरतं.

तुमच्या वाद्यात दोन वेगळी ध्वनी-इंजिनं असतील, एक नमुन्यांचं आणि एक एफएम किंवा व्हर्च्युअल अ‍ॅनालॉगचं, तर आणखी सोपं आहे. एका इंजिनाचे रिकामे व्हॉइस बहुधा दुसऱ्याला उसने मिळत नाहीत. माहितीपत्रकात मात्र दोघांची बेरीज छापलेली असते. नमुन्यांचं इंजिन तुटतंय आणि दुसरं रिकामं बसलंय असं दिसलं तर पॅड तिकडे हलवा. पॅडसारखा आवाज तिथे सहसा उत्तम तयार होतो.

पॅच बदलताना आवाज तुटत असेल तर

हे वेगळं दुखणं, पण लक्षणं ऐकून लोक एकाच पोतडीत टाकतात. इथे सूर तुटतो तो पॅच बदलण्याचं बटण दाबताच. बहुतेक वेळा कारण इफेक्टचं असतं. जुन्या आवाजाचा डिले किंवा रिव्हर्ब ज्या डीएसपीवर (इफेक्ट चालवणारी चिप) चालू होता, तिथे नव्या पॅचचे इफेक्ट भरले जातात आणि शेपटी अर्ध्यावर कापली जाते. गाण्याचे सगळे आवाज एकाच परफॉर्मन्समध्ये (अनेक आवाजांचा एकत्र संच) वेगवेगळ्या पार्टवर ठेवून पार्ट किंवा सीन बदलत जाणं, हा खात्रीचा मार्ग. ते शक्य नसेल तर लागोपाठच्या दोन पॅचमध्ये रिव्हर्बचा प्रकार तोच ठेवून बघा. काही वाद्यांवर तेवढंच पुरतं.

हे आमच्यावर का यावं

माझं मुख्य म्हणणं इथे आहे. वरची सगळी मोजणी मी कानाने आणि कागदावर केली. वाद्याला प्रत्येक क्षणी नेमकं माहीत असतं की किती व्हॉइस चालू आहेत, कोणत्या थराने किती घेतले आहेत, आता कोणाचा सूर काढून घेतला जातोय. ते ठरवल्याशिवाय त्याला सूर काढताच येत नाही. एवढा मोठा रंगीत पडदा समोर आहे, त्यावर पार्टची चित्रं सरकतात, पण हा एक आकडा नाही. तो असता तर मी पहिल्याच सरावाला समजलो असतो. कार्यक्रमात चार वेळा सूर तुटला नसता.

ही मागणी अशक्य कोटीतली नाही. कोर्ग क्रोनॉसमध्ये व्हॉइस आणि इफेक्टचा भार दाखवणारं मीटरचं पान होतं. त्याच्याही खूप आधी, 1987 मध्ये आलेल्या रोलंड एमटी-32 मध्ये एकूण 32 पार्शियल (आवाज बनवणारे घटक) होते, आणि तेवढ्यातही प्रत्येक पार्टसाठी किती पार्शियल राखून ठेवायचे हे ठरवता येत होतं. पडद्यावर अक्षरांची एक ओळ मावायची त्या काळात ही सोय होती. आज बेसच्या थराला आठ व्हॉइस राखून ठेव, त्यांना हात लावू नकोस, एवढं मला सगळ्यात वरच्या मॉडेलला सांगता येत नाही.

म्हणून माझ्या मागण्या, महत्त्वाच्या क्रमाने. पडद्याच्या कोपऱ्यात व्हॉइसचा आकडा आणि सूर काढला गेला की क्षणभर लाल ठिपका. प्रत्येक पार्टला राखीव व्हॉइस. कोणता सूर आधी काढायचा याची निवड: सगळ्यात जुना, सगळ्यात मंद, किंवा सगळ्यात खालचा कायम राख. ऐकू न येण्याइतक्या मंद झालेल्या किंवा फेडर शून्यावर असलेल्या थराचे व्हॉइस आपोआप मोकळे होणं. आत येणाऱ्या मिडी संदेशांचं एक साधं पान, म्हणजे दोनदा येणारी नोट आणि शून्यावर न येणारं पेडल डोळ्यांनी दिसेल.

नॉबबद्दलही बोलायला हवं, कारण तिथेही वाद्य आपल्याला काही सांगत नाही. पॅच बदलल्यावर नॉब एका जागी आणि खरं मूल्य दुसरीकडे असतं. हात लावला की फिल्टर (आवाजाचा तेजपणा ठरवणारा भाग) एकदम उडी मारतो. पिकअप चालू केलं तर नॉब खऱ्या मूल्याला भेटेपर्यंत काहीच होत नाही, आणि ते मूल्य डावीकडे आहे की उजवीकडे हे दिसत नाही. पडद्यावर एक छोटा बाण पुरेसा आहे. शिवाय नॉबचं मूल्य सात बिटांचं, 0 ते 127 असेल आणि ते ऐकू येणाऱ्या दहा सप्तकांवर सारखं पसरलेलं असेल, तर एका पायरीत फिल्टर जवळजवळ अर्धा सूर सरकतो. रेझोनन्स वाढवून हळू फिरवा, पायऱ्या स्पष्ट ऐकू येतात. 2020 मध्ये जाहीर झालेल्या मिडी 2.0 मध्ये कंट्रोलरला 32 बिट आहेत. सगळ्यात वरच्या वाद्याच्या स्वतःच्या नॉबला तरी ती बारकाई मिळायला हवी.

कंपनीला कळवताना

माझी पहिली तक्रार दोन ओळींची होती: मध्येच सूर तुटतात, कृपया बघा. उत्तर आलं की वाद्य फॅक्टरी रिसेट करा. (करायचंच असेल तर आधी सगळं यूएसबी ड्राइव्हवर सेव्ह करा, नंतर करता येत नाही.) दुसऱ्यांदा लिहिताना मी ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती लिहिली, पॅचची फाइल जोडली, कोणत्या पट्ट्या कोणत्या क्रमाने आणि पेडल कधी, ते लिहिलं, सतराव्या पट्टीला सूर तुटतो त्याचं वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग जोडलं. लोकल कंट्रोल बंद आहे आणि यूएसबी केबल काढलेली आहे हेही आधीच सांगून टाकलं. या वेळी उत्तर एका माणसाचं आलं. त्याने माझीच फाइल उघडून मोजणी केली होती आणि त्याचाही सूर सतराव्या पट्टीलाच तुटला होता. व्हॉइस राखून ठेवण्याची मागणी त्याने पुढे पाठवली आहे. तुमच्या वाद्याचा आकडा काढलात तर तुम्हीही याच पद्धतीने तुमच्या कंपनीला पाठवा: पॅचचं नाव, पट्टीचा क्रमांक आणि रेकॉर्डिंग.